पाण्याला दार हवे

कवी माणसाला घरात कुणी कामाचा सल्ला विचारत नाही. भिंतीला कुठला रंग लावायचा, कुठला पंप घ्यायचा, गवंडी कुणाला बोलवायचे, हे सगळे ठरून गेल्यावर मला कळते, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नसते. म्हणून त्या दिवशी थोरल्या भावाने माझ्यासमोर पाच-सहा गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रके टाकली तेव्हा मी जरा दचकलोच. ‘तू बी.ए. झालायस, कागद वाचायची तुला सवय आहे,’ भाईजान म्हणाले, ‘यातला कुठला तलाव घ्यायचा, ते वाचून सांग.’

तलाव म्हणजे पोहण्याचा तलाव, आणि तोही तयार मिळणारा, फायबरचा. कारखान्यात बनतो, ट्रकवरून एका तुकड्यात येतो, खड्ड्यात बसवला आणि पाणी भरले की झाले, अशी भाईजानची समजूत. तीस वर्षे कुवेतमध्ये नोकरी करून ते २०२२ साली कायमचे घरी आले. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठाला आमचे गाव. जुने घर त्यांनी दुरुस्त केले, मागे दोन खोल्या वाढवल्या. मुले मुंबईला आणि दोह्याला. नातवंडे मे महिन्यात येतात, चार दिवसांत कंटाळतात आणि मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. अंगणात तलाव असला तर पोरे रमतील, दरवर्षी येतील, एवढाच भाईजानचा हिशेब होता. म्हाताऱ्या माणसाचा हिशेब आहे तो. त्याला हसण्यात अर्थ नाही.

विरोध होता तो आमच्या अम्माचा. तिचे वय ऐंशीच्या पुढे. घरात आम्ही कोकणी बोली बोलतो, इथे तिचे बोलणे जरा सरळ करून सांगतो. ती म्हणाली, ‘विहीर आहे ती पुरे. आणखी पाणी घराजवळ आणू नका.’

हे ती का म्हणाली, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. १९८० सालच्या ऑगस्टमध्ये आमची आपा विहिरीत पडून गेली. ती अकरा वर्षांची होती, मी आठ. विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. पावसात विहीर काठोकाठ भरलेली, वाकले की हाताला पाणी लागे. शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला. त्याच विहिरीत बाबांनी आम्हा मुलग्यांना पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवले होते. आपाला नव्हते शिकवले. मुलींनी विहिरीतून पाणी काढायचे, विहिरीत उतरायचे नाही, असा तेव्हा सगळ्याच घरांचा रिवाज. दोन मिनिटे पाण्यावर तरंगता आले असते तर हात धरण्याएवढ्या अंतरावर काठ होता. या गोष्टीवर आमच्या घरात कधी कुणी बोलत नाही.

तेव्हा तलाव निवडण्याचे काम माझ्याकडे आले ते असे. ते मी कसे केले, त्यात काय शिकलो आणि कुठे चुकता चुकता वाचलो, ते आज सांगणार आहे. असा तलाव घ्यायचा विचार तुमच्यापैकी थोड्याच जणांच्या मनात असेल. पण घराजवळ पाणी साठवणाऱ्या प्रत्येकाला यातले काही ना काही उपयोगी पडावे.

सुरुवातीलाच एक चूक मी भाषेमुळे केली. मी त्या तलावाला मनातल्या मनात ‘हौद’ म्हणत होतो. हौद हा मूळचा अरबी शब्द, आपल्या मराठीत इतका मुरला की त्याचे परकेपण कुणाला आठवतही नाही. वाड्यातला हौद, गुरांचा हौद, मशिदीत वुजू करण्यासाठी असतो तो हौज, ही सारी एकाच घरची माणसे. हौद म्हटला की जमिनीत पक्का बांधलेला, जडशीळ, जागचा न हलणारा. आणि हौद म्हटला की तो अधूनमधून उपसून, घासून, धुऊन काढायचा. फायबरच्या तलावाला या दोन्ही गोष्टी लागू नाहीत. तो जड नाही, आणि तो मनाला येईल तेव्हा रिकामा करायचा नाही.

हे मला माहितीपत्रकांनी सांगितले नाही. सांगितले ते बंदरावर फायबरच्या होड्या बनवणाऱ्या एका मिस्त्रींनी. आमच्या किनाऱ्यावर लाकडी होड्या कमी होत गेल्या आणि फायबरच्या आल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. फायबर म्हणजे तरी काय? काचेचे केसासारखे बारीक धागे. त्यांची चटई अंथरायची, त्यावर रेझिन नावाचे चिकट रसायन लावायचे, ते सुकले की पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. धाग्यांनी बळकटी येते, रेझिनने आकार धरला जातो. मिस्त्रींना मी माहितीपत्रक दाखवले. त्यांनी चित्रे उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, ‘ही होडीच आहे हो. फक्त आम्ही पाणी बाहेर ठेवतो, हे लोक आत ठेवतात.’

मग त्यांनी समजावून दिले. होडीचा साचा खोलगट असतो. त्याच्या आतल्या बाजूला आधी जेलकोट नावाचा गुळगुळीत रंगीत थर मारतात आणि त्यावर चटया चढवतात. साच्यातून काढल्यावर जेलकोट होडीच्या बाहेरून राहतो, कारण पाणी तिकडे असते. तलावाचा साचा उलटा, पालथ्या घातलेल्या टोपासारखा. त्याच्या पाठीवर जेलकोट, मग चटया. साच्यावरून उचलून सुलटा केला की जेलकोट आतल्या बाजूला येतो. जेलकोट म्हणजे नुसता रंग नव्हे. पाणी आणि काचेचे धागे यांच्या मधली ती कातडी आहे.

त्यानंतर मिस्त्रींनी एक प्रश्न विचारला, आणि पुढे मी प्रत्येक विक्रेत्याला तोच पहिला विचारला. ‘जेलकोटच्या मागचा थर कुठल्या रेझिनचा आहे?’ स्वस्तातले पॉलिएस्टर रेझिन पाण्याला कायमचे तोंड देऊ शकत नाही. अगदी सावकाश पाणी आत शिरते आणि काही वर्षांनी पृष्ठभागावर बारीक फोड येतात, त्वचेवर यावेत तसे. व्हिनाइल एस्टर नावाचे महाग रेझिन पाण्याला जास्त दाद देत नाही. म्हणून चांगल्या तलावात जेलकोटच्या लगेच मागचा थर व्हिनाइल एस्टरचा असतो आणि त्यामागे पॉलिएस्टर. ‘आमची होडी पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा झापाखाली वाळते तरी,’ मिस्त्री म्हणाले, ‘तुमचे हे भांडे बारा महिने ओले राहणार.’

एका विक्रेत्याला हा प्रश्न कळलाच नाही. दुसऱ्याने ‘सगळे इंपोर्टेड आहे’ एवढेच उत्तर दिले. तिसऱ्याने कारखान्यात यायला सांगितले. मी गेलो. तलावाच्या भिंतीत पाणी ओढून घेणारे तोंड बसवण्यासाठी भोक पाडावे लागते आणि त्यातून निघालेली चकती फेकून देतात. तशा दोन-तीन चकत्या मी मागून घेतल्या. जाडी किती, सगळीकडे सारखी आहे का, थरांमध्ये हवेच्या पोकळ्या राहिल्यात का, हे त्या चकतीच्या कडेवर कुणालाही दिसते. माहितीपत्रकातले फोटो कितीही सुंदर असोत, तळहाताएवढी ती चकती खोटे बोलत नाही. भांड्याच्या आत उभे राहून उजेडाकडे पाहत भिंतीवर नजर टाकली की लाटा, खड्डे, चिराही दिसतात. बाहेरून आडव्या-उभ्या पट्ट्यांनी भिंतींना आधार दिलेला असावा, हेही मी तिथेच शिकलो.

मग सिमेंटचा का नाही? हा प्रश्न गावातल्या गवंड्याने विचारला, आणि तो रास्त होता. सिमेंट-फरशीचा तलाव हव्या त्या आकाराचा, हव्या त्या खोलीचा करता येतो. फायबरचा मात्र साच्यात असेल तोच घ्यावा लागतो, आणि तोही रस्त्याने येऊ शकेल एवढ्याच रुंदीचा. आमच्या गावात शिरताना एक अरुंद मोरी आहे, पुढे वडाच्या खाली आलेल्या फांद्या, मग दोन गडग्यांमधली पाणंद. टेप घेऊन मी आणि पुतण्या आधी तो सगळा रस्ता मोजत गेलो. क्रेनला उभे राहायला जागा कुठे, विजेच्या तारा किती उंचीवर, हेही पाहिले. तलाव पसंत करण्याआधी वाट मोजावी. नाहीतर पसंत केलेला तलाव हमरस्त्यावरच राहायचा.

फायबरच्या बाजूने तीन गोष्टी होत्या. काम महिन्यांऐवजी दिवसांत उरकते. गुळगुळीत भिंतीवर शेवाळ सहजासहजी धरत नाही, म्हणून औषध आणि घासणे कमी लागते. आणि फरशीचे सांधे, तुटक्या कडा यांनी लहान मुलांचे पाय कापत नाहीत. शेवाळाचे नाव निघाले तेव्हा भाईजान माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मग फायबरचाच.’

आता खरा धोका. तो पाण्याच्या आत नाही, जमिनीच्या खाली आहे.

खाडीपलीकडच्या एका गावात शहरातल्या कुणा कुटुंबाचा बंगला आहे. तिथे असाच तलाव बसवला होता. २०२१ च्या जुलैत धुवाधार पाऊस लागला. मालक शहरात, राखणदार एकटा. तलावात पालापाचोळा साठला, पाणी हिरवे झाले. माणूस प्रामाणिक आणि कष्टाळू. त्याने विचार केला, मालक येण्याआधी हौद धुऊन ठेवू. पंप लावून पाणी उपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तलाव एका बाजूने हातभर वर आला होता. भोवतालची फरशी उखडलेली, नळ तुटलेले, भांड्याला तडा. राखणदाराला वाटले, भूकंप झाला. मी तो तलाव नंतर जाऊन पाहिला; रुतलेल्या होडीसारखा तिरका पडून होता.

भूकंप वगैरे काही झालेला नव्हता. शाळेत शिकलेला आर्किमिडीजचा सिद्धांत तेवढा खरा झाला होता. आमच्या तलावाचे माप घेऊन हिशेब सांगतो. लांबी वीस फूट, रुंदी दहा फूट, सरासरी खोली चार फूट. म्हणजे आठशे घनफूट, साधारण साडेबावीस हजार लिटर पाणी. भरलेला असताना आतले साडेबावीस टन पाणी भांड्याला खाली दाबून ठेवते. पण रिकाम्या भांड्याचे वजन फार तर टनभर. आता बाहेर जमिनीतले पाणी तळापासून फक्त एक फूट वर चढले, तर त्याचा वर ढकलण्याचा जोर साडेपाच टनांहून जास्त होतो. टनभराचे भांडे साडेपाच टनांपुढे कसे टिकणार? ते तरंगते. होडीच ती, तिचे काय चुकले?

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आमचा जांभा दगड सच्छिद्र. पावसात तो पाणी पितो, विहिरी काठाला येतात. पाऊस सरला की तेच पाणी झिरपून निघून जाते आणि एप्रिल-मेमध्ये त्याच विहिरींचा तळ दिसतो. ज्या जमिनीत पाणी असे वर-खाली होते, तिथे तलाव निवडण्याआधी जागा निवडावी लागते. विहिरीतले पाणी जुलैत किती वर येते, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पण त्याचा संबंध तलावाशी कुणी जोडला नव्हता. हमीपत्र वाचायची माझी सवय इथे कामी आली. पुढच्या पानावर मोठ्या अक्षरांत पंचवीस वर्षांची हमी होती. मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘भूजलामुळे भांडे हलल्यास हमी लागू नाही.’

उपाय साधे आहेत. भाईजानना तलाव घरासमोरच्या सखल अंगणात हवा होता. आम्ही तो मागे, चढावर नेला. खड्ड्याच्या तळाशी खडीचा थर घातला, त्यात भोके पाडलेली चार इंची नळी फिरवली, माती शिरू नये म्हणून तिला कापड गुंडाळले, आणि ती नळी उताराने गडग्याच्या बाहेर, खालच्या पऱ्ह्यापर्यंत उघडी सोडली. खड्ड्यात उतरणारे पाणी आपल्या वजनानेच वाहून जाते. पंपाने उपसण्याची सोयही करता येते. पण कोकणात ज्या रात्री पाणी चढते, त्याच रात्री वीज जाते, हे सांगायला नको. शिवाय भांड्याच्या बाजूला एक उभी नळी तळापर्यंत ठेवली. झाकण काढून बॅटरी मारली की बाहेरचे पाणी कुठवर आले ते दिसते.

भाईजानना सगळे मेच्या सुट्टीआधी हवे होते. मिस्त्रींनी निक्षून सांगितले, ‘पावसाच्या तोंडावर खड्डा खणू नका.’ म्हणून २०२३ च्या डिसेंबरात काम काढले. जमीन निथळलेली, विहिरीला पाणी भरपूर. खड्डा खणायला चार दिवस लागले, कारण जांभा फोडावा लागला. क्रेनने भांडे उचलले तेव्हा सगळी वाडी बघायला जमली होती. ते बसल्यावर चारही कडांची पातळी तपासली. पाणी हा सर्वांत कडक ओळंबा आहे, कड अर्धा इंच वाकडी असली तरी भरल्यावर ती चुगली करते. मग आत फूटभर पाणी आणि बाहेरून फूटभर खडी, पुन्हा पाणी, पुन्हा खडी, असे दोन्ही बरोबरीने भरत वर आणले. आधी नुसते पाणी भरले तर भिंती बाहेर फुगतात, आधी नुसती खडी भरली तर आत दबतात. वर भोवताली काँक्रीटचा पट्टा घातला.

खोलीवरून आमचा वाद झाला. भाईजानना हॉटेलात पाहिला तसा सात फुटी, गडद निळा हवा होता. मी विचारले, ‘यात सूर कोण मारणार? तुम्ही?’ घरच्या तलावात मुले शिकतात, खेळतात. आमच्यासाठी साडेतीन ते साडेचार फूट पुरे होते. मोठ्या मुलाचे पाय टेकतात आणि शिकवणाऱ्याला उभे राहता येते. सूर मात्र मारायचा नाही, हे तिथे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. भांड्यातच घडवलेल्या रुंद पायऱ्या आणि बसायला बाक असलेला आकार घेतला. रंग फिकट घेतला. गडद निळे पाणी फोटोत सुंदर दिसते. पण तळाशी काही पडले असेल तर ते फिकट रंगावरच दिसते. ते ‘काही’ म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला फोड करून सांगावे लागले नाही.

पाण्याचा प्रश्न अम्माने काढला. ‘मे महिन्यात वाडीत टँकर येतो आणि तुमची पोरे पाण्यात खेळणार?’ तिचे बरोबर होते. याचे उत्तर असे की हा तलाव दर आठवड्याला भरायचा नसतो. गाळून आणि औषध घालून तेच पाणी वर्षानुवर्षे वापरता येते. जाते ते उन्हाने उडून. दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर आमच्या तलावातून रोज नव्वद लिटरच्या आसपास, महिन्याला पावणेतीन हजार लिटर. वर आच्छादन घातले की यातले बहुतेक वाचते, म्हणून आच्छादन ही चैन नव्हे. उलट बाजूचा हिशेबही करून पाहिला. हजार चौरस फुटांच्या छपरावर दहा इंच पाऊस पडला की तेवीस हजार लिटर पाणी होते, म्हणजे एक अख्खा तलाव. आमच्याकडे जुलैत दहा इंचांना फार दिवस लागत नाहीत. छपराच्या पन्हळींचे पाणी आता साठवणीच्या टाक्यांत जाते आणि मेमध्ये तलावाची तूट त्यातून भरते. विहिरीला उन्हाळ्यात हात लावायचा नाही, असे अम्मापुढे कबूल केले आहे.

देखभाल रोजची आहे, ती टाळता येत नाही. सगळे पाणी सहा-आठ तासांत एकदा वाळूच्या गाळणीतून फिरायला हवे. एक अश्वशक्तीचा पंप सहा तास चालला की साडेचार-पाच युनिटे होतात. लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन राखायचे, आणि आम्ल-अल्कलीचा अंक, ज्याला पीएच म्हणतात, तो ७.२ ते ७.८ च्या मध्ये. तपासायला थेंबांची छोटी पेटी मिळते; पुतणी ते काम आवडीने करते. आमच्या जांभ्याच्या पाण्यात लोह असते, क्लोरीन पडले की ते तपकिरी होऊन डाग धरते, म्हणून पहिल्या भरणीआधी पाणी तपासून घेतलेले बरे. क्लोरीन आणि अॅसिड कधीही एकत्र करायचे नाही, एका फळीवर ठेवायचेही नाही. त्यातून विषारी वायू निघतो. आणि पंप चार दिवस बंद ठेवून पाणी तसेच सोडले तर डासांची सोय होते, ते वेगळेच.

विजेला तीस मिलिअॅम्पिअरला तुटणारे सुरक्षा-स्विच बसवले, पाण्यातला दिवा बारा व्होल्टचा घेतला. तळाच्या तोंडाबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली कोमट पाण्याच्या टबात तळाच्या तोंडाच्या ओढीत अडकून बुडाली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ साली तिथे त्या मुलीच्या नावाने कायदा झाला. एकच उघडे तोंड जोराने पाणी ओढत असेल तर लहान मूल त्यावर चिकटते, मोठ्यालाही सोडवत नाही. म्हणून तोंडे दोन, एकमेकांपासून लांब, आणि त्यांवर फुगीर जाळी. फायबरच्या काही तलावांत तळाला तोंड ठेवतच नाहीत, पाणी वरच्या कडेने ओढतात. आम्ही तसाच घेतला.

हे सगळे झाल्यावर मी वही घेऊन अम्माजवळ बसलो. भांडे, रेझिन, खडी, नळी, सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘या पाण्याला दार आहे का?’

माहितीपत्रकातल्या एकाही चित्रात दार नव्हते. सगळीकडे दिवाणखान्याची काच सरकवली की समोर पाणी. भाईजानची योजनाही तीच होती. मी परत वाचायला बसलो. न्यूझीलंडने घरगुती तलावांना कुंपण घालण्याचा कायदा १९८७ सालीच केला. फ्रान्सने २००३ साली जमिनीतल्या खासगी तलावांना कुंपण, गजर, आच्छादन किंवा छत यांपैकी एक तरी हवे असा कायदा केला. ऑस्ट्रेलियात कुंपण किमान एक मीटर वीस सेंटिमीटर उंच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात तीन लाख माणसे बुडून गेली आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुले होती. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली, श्वासालाच जागा नाही, हाक कुठून मारणार? ते गुपचूप जाते. आमच्या विहिरीवरूनही त्या दिवशी कुणाला काही ऐकू आले नव्हते.

आमच्या गावात कुंपणाचे विचारायला कुणी आले नाही. विचारले ते अम्माने. तिच्या प्रश्नावरून दिवाणखान्याचे दार रद्द झाले. तलावाला चारही बाजूंनी स्वतंत्र कुंपण घातले. घराची भिंत ही चौथी बाजू धरायची नाही, कारण तिला दारे-खिडक्या असतात. गज उभे, त्यांच्या मध्ये दहा सेंटिमीटरहून कमी अंतर, चढायला आडवी पट्टी नाही. जवळ खुर्ची, कुंडी, बादली ठेवायची नाही. दार तलावापासून बाहेरच्या बाजूला उघडणारे, सोडले की आपोआप मिटणारे आणि कडी आपोआप पडणारी, ती कडीही लहान मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर. हा खर्च सर्वांत शेवटी सुचतो आणि पैसे संपत आले की सर्वांत आधी कापला जातो. आम्ही दिव्यांची रोषणाई कापली.

अम्माने होकार दिला तो एक अट घालून. ‘आधी पोरींना शिकवा. मग पोरे खेळू देत.’

२०२४ च्या मे महिन्यात भाईजानच्या धाकट्या सुनेने शिकवायला सुरुवात केली. ती मुंबईला शाळेत असताना पोहण्यात होती. कुंपणाच्या बाहेर झापांचा आडोसा केला. सकाळची वेळ फक्त मुलींची. पहिल्यांदा आमच्या घरच्या तीन, मग शेजारच्या दोन, मग खालच्या कुणबीवाडीतल्या. गेल्या दोन सुट्ट्यांत नऊ मुली पाठीवर तरंगायला शिकल्या आहेत. सुनेने आधी तेच शिकवले. पोहणे नंतर, तरंगणे आधी. एक मोठे माणूस काठावर, त्याच्या हातात मोबाइल नाही, हा नियम भाईजान स्वतः पाळतात आणि इतरांकडून पाळून घेतात. एका सकाळी भाभीही सलवार-कमीज घालून पायऱ्या उतरल्या. साठीच्या घरातली ही बाई जन्मभर खाडीकाठी राहिली. कमरेएवढ्या पाण्यात ती पहिल्यांदाच उभी राहत होती. बराच वेळ ती बाकाला धरून उभी होती आणि हसत होती.

त्या वर्षीच्या जुलैत एका रात्री पाऊस थांबेचना. वीज गेलेली. मी आणि भाईजान बॅटरी आणि बांबूची काठी घेऊन मागे गेलो. उभ्या नळीचे झाकण काढून काठी खाली सोडली. टोक जेमतेम ओले झाले. गडग्यापलीकडे जाऊन पाहिले तर तळाच्या नळीतून मनगटाएवढी धार पऱ्ह्यात पडत होती. भाईजानने खांद्यावर हात ठेवला, बोलले काही नाहीत. आम्ही भिजत परत आलो.

अम्मा त्या पाण्यात अजून उतरलेली नाही, उतरणारही नाही. पण रोज अस्रच्या नमाजनंतर ती काठी टेकत मागे जाते. कुंपणाचे दार थोडे उघडते आणि सोडून देते. ते सावकाश मिटते. कडी पडल्याचा ‘खट्’ आवाज ऐकू आला की ती परत फिरते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)